काळीज – सोमवार, गुरुवार

नानांना मालवणला न्यायचं ठरलं तेव्हा मी आधी हॉटेलं शोधली नाहीत, हॉस्पिटलं शोधली. पुण्यापासून देवबागपर्यंतच्या रस्त्यावर कुठे कुठे हृदयाचा इलाज होतो, गाडीने किती मिनिटं लागतात, लोकांनी किती चांदण्या दिल्यात, सगळं एका कागदावर उतरवलं आणि कागद पर्समध्ये घातला. नवरा म्हणाला, "अनू, तू सहलीला चाललीयेस की मोहिमेवर?" त्याला हसायला काय जातंय? नाना माझे वडील, वय पंचाहत्तर, नऊ वर्षांपूर्वी बायपास झालेली. आई गेल्यापासून त्यांच्या गोळ्यांचा डबा माझ्या ताब्यात आहे आणि त्या डब्याबरोबर आईची सगळी भीतीही माझ्याकडे आली आहे. 

पण नानांनी हट्टच धरला होता. तरुणपणी, लग्नाआधी, ते दोन वर्षं मालवणच्या बँकेत नोकरीला होते. "एकदा तिथलं मासळीचं जेवण जेवतो, मग तुझ्या त्या डब्यातल्या गोळ्या निमूट खातो," असं म्हणाले. त्यांच्या डॉक्टरांनी परवानगी दिली. मग माझ्याकडे नाही म्हणायला कारण उरलं नाही.

सोमवारी पहाटे पाचला निघालो. तुम्ही पुण्याहून जाणार असाल तर याच वेळेला निघा, साताऱ्याच्या पुढे सूर्य उगवतो आणि कोल्हापुरात मिसळीची वेळ होते. नानांना मी अर्ध्या कटावर थांबवलं, त्यांनी माझ्याकडे पाहून पाव मोजून खाल्ले. पुढे राधानगरीवरून फोंडा घाट. रस्ता सुरेख आहे, जंगल दाट, वळणं बेताची, पण घाटात फोनला बराच वेळ रेंज नसते. मी त्या पट्ट्यात श्वास रोखून गाडी चालवली. नाना माकडं दाखवत होते आणि मी मनात म्हणत होते, इथे काही झालं तर? इथे काही झालं तर कुणाला हाक मारायची?

घाट उतरून कणकवलीला हायवेला लागलो आणि मला हायसं वाटलं. हायवे आता चौपदरी झालाय. आणि त्याच्या दोन्ही अंगांना काय दिसावं? पूर्वी काजू-कोकमाच्या दुकानांच्या पाट्या असत, त्या आहेतच, पण त्यांच्या डोक्यावर आता दवाखान्यांचे फलक. मल्टिस्पेशालिटी, सिटी स्कॅन, डायलिसिस, गुडघेबदल, टेस्ट ट्यूब बेबी. एका फलकावर हसरे डॉक्टर हाताची घडी घालून उभे, शेजारच्या फलकावर मालवणी थाळी. नाना म्हणाले, "आमच्या वेळी मालवणात एक सरकारी दवाखाना होता आणि बाटलीला कागदाची पट्टी चिकटवून देणारा एक कंपाउंडर. मोठं दुखणं आलं की लोक गोव्याला न्यायचे. गोव्याला नेलं म्हटलं की शेजारी आधीच रडायला लागायचे." मी कागद काढून पाहिला. गोव्याचं नाव माझ्या यादीत सगळ्यात खाली होतं. कुडाळला नवं कोरं हॉस्पिटल होतं, अँजिओप्लास्टीच्या मशीनसकट, साडेचार चांदण्यांचं. मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला.

मालवणहून देवबाग बारा किलोमीटर. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मधे माडांची चिंचोळी पट्टी आणि तिच्यातून जाणारा एकच रस्ता. समोरून पर्यटकांची बस आली की कुणाला तरी मागे सरावं लागतं.  तुमच्याबरोबर म्हातारं माणूस असेल तर देवबागऐवजी मालवणातच राहा, हा माझा पहिला सल्ला.

आम्ही लुसीमावशींच्या घरी उतरलो. साठीच्या, काटक, फुलाफुलांचा झगा घातलेल्या, डोळ्यांत सतत कसलीतरी घाई. खाडीकडे तोंड करून तीन खोल्या, दोन वेळचं जेवण धरून माणशी दिवसाला बाराशे. स्वच्छ, साधं, गरम पाणी बंबाचं. भिंतीवर येशूची तसबीर आणि तिच्याखाली त्यांच्या नवऱ्याचा, पावलूंचा फोटो, त्याला प्लॅस्टिकचा हार. पहिल्याच रात्री सुरमईची कढी आणि तांदळाची भाकरी. नाना डोळे मिटून जेवले.

मंगळवारी आम्ही काहीच केलं नाही. होडीवाल्याशी घासाघीस करून खाडी आणि समुद्र मिळतात तिथपर्यंत जाऊन आलो. डॉल्फिन दिसले म्हणे, मी नानांच्या लाइफ जॅकेटचा पट्टा पाहत होते. दुपारी जेवून नाना उघडेबंब पडवीत बसले आणि तिथेच त्यांना तो पुठ्ठा दिसला. स्वयंपाकघराच्या दारापाशी कॅलेंडर होतं, त्यावर भरती-ओहोटीच्या वेळा, आणि त्याखाली बिस्किटाच्या खोक्याचा एक तुकडा टांगलेला. त्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं:

काळीज – सोम, गुरू
हाडां – बुध
डोळे – शुक्र
किडनी – पयलो शनिवार

नानांचा चेहरा उजळला. "अनू, बाईंचा मेनू बघ. मटणाचा एकूण एक भाग वारानुसार! डोळे म्हणजे मुंडीचा रस्सा असणार." मला शिसारी आली, पण हसूही आलं. हॉस्पिटलांची यादी पर्समध्ये घेऊन फिरणारी मी, भिंतीवरची ती यादी वाचून खुशाल हसले.

तेवढ्यात मावशी आल्या. नानांनी विचारलं, "काय मावशी, गुरुवारी काळीज?"

मावशींनी नानांच्या छातीवरच्या लांब व्रणाकडे पाहिलं. "होय काकानू. सोमवारी आनि गुरवारी. तुमका होया?"

"हवं म्हणजे काय! गुरुवारी सकाळी कुणकेश्वराचं दर्शन घेऊन परतणार होतो, आता शुक्रवारी निघू."

"मगे नंबर लावक होयो. गर्दी जाता."

"लावा की. हिचाही लावा."

"हिका पण?" मावशींनी माझ्याकडे इतक्या कळवळून पाहिलं की मी गोंधळले. "एवढ्या ल्हान वयात?"

"आमच्या घराण्यातच आहे ते," नाना ऐटीत म्हणाले.

मावशींनी कपाळाला आणि छातीला बोटं लावून क्रूस केला. मग दोघांची पूर्ण नावं आणि वयं विचारून घेतली आणि जाता जाता बजावलं, "गुरवारी सकाळी काय खाव नका हां. चाय पण नको."

त्या गेल्यावर नाना म्हणाले, "जेवायला वय विचारतात हे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आणि पोट रिकामं ठेवायला सांगितलंय! याला म्हणतात आग्रह." मी म्हटलं, नाना, कोलेस्टेरॉल. ते म्हणाले, एक दिवस गं. मी मान्य केलं. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

बुधवारी वालावलला गेलो. मालवणहून कुडाळच्या रस्त्याने जायचं, आत वळलं की गाव लागतं. लक्ष्मीनारायणाचं देऊळ, त्याला लागून तळं, माडांची सावली पाण्यात. इतकी शांतता की नाना हळू आवाजात बोलायला लागले. पायऱ्या चढताना ते दोनदा थांबले. "तळं बघतोय," म्हणाले. मी पाहिलं, ते तळ्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते. मी विचारलं, दुखतंय का? "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," ते म्हणाले. म्हण बरोबर होती, पण त्यांच्या कपाळावर घाम होता आणि देवळात चांगला गारवा होता. परतताना मी मुद्दाम कुडाळात शिरून माझ्या यादीतलं ते हॉस्पिटल बाहेरून पाहिलं. काचेची तीन मजली इमारत, आवारात कुंड्या, दारात ॲम्ब्युलन्स. मला इतका धीर आला की मी फोटोसुद्धा काढला.

गुरुवारी सकाळी नाना लवकर उठून पडवीत बसले, उपाशी, शहाण्या मुलासारखे. मी चहा प्यायले, ते नाही. सव्वादहाला ते डावा खांदा चोळताना दिसले. "रिकाम्या पोटी ॲसिडिटी झालीये, दुसरं काही नाही." मला त्यांचा चेहरा आवडला नाही. पण मी अख्खं आयुष्य इतक्या वेळा घाबरले आहे की माझ्या भीतीवर माझाच विश्वास उरलेला नाही. मी म्हटलं, अजून पंधरा मिनिटं बघू.

साडेदहाला लुसीमावशी बाहेर आल्या. झग्याऐवजी इस्त्रीची साडी, हातात पर्स. "चला, निघूक होया. तुमचो अकरा नंबर, हिचो बारा."

"कुठे निघायचं?" मी विचारलं.

"कणकवलीक. काळजाच्या डॉक्टराकडे. दोन वाजता जातत ते."

 मग मी पुठ्ठ्याकडे पाहिलं. काळीज, हाडां, डोळे, किडनी. मावशी म्हणाल्या, "त्येका काय? कणकवलीच्या डॉक्टरांचे वार ते. हंय बाजार सोमवारी भरता तसो काळजाचो डॉक्टर सोम-गुरू. दुखणा पण हंय वार बघून येवक होया."

नाना हसायला लागले. इतके हसले की खुर्ची हलली. "अगं, मी खायचं काळीज..." म्हणता म्हणता त्यांनी छातीवर हात ठेवला आणि हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त आवाज बंद झाला. मावशींनी माझ्या आधी ओळखलं. "गो, ह्यांचो घाम बघ!"

पुढचं मला सलग आठवत नाही. जिभेखाली गोळी ठेवली ते आठवतं, माझ्या हातून दोन गोळ्या जमिनीवर सांडल्या तेही. मावशी मागच्या सीटवर नानांना धरून बसल्या, मी गाडी काढली. तारकर्लीच्या अलीकडे तीच बस आडवी आली जिची मला पहिल्या दिवसापासून भीती होती, मागे सहा गाड्या. मावशी साडी खोचून खाली उतरल्या आणि बसच्या बॉनेटवर थाप मारून ओरडल्या, "मागे घे रे! माणूस जाता हंय!" बस मागे सरली. मी आरशात पाहिलं. प्रत्येक हॉटेलावर टिप्पणी करणारे नाना डोळे मिटून होते आणि एक शब्द बोलत नव्हते. मला माझे वडील मरतील अशी भीती वाटत होती. ती लिहायला दुसरे शब्द माझ्याकडे नाहीत.

मालवणात एका दवाखान्यात ईसीजी काढला. डॉक्टर तरुण होता, मराठवाड्यातून दोन महिन्यांपूर्वी आलेला. त्याने पट्टी पाहिली, भराभर गोळ्या दिल्या, इंजेक्शन दिलं, ॲम्ब्युलन्स बोलावली. पाच मिनिटांत ती दारात आली, नानांच्या वेळच्या कंपाउंडरच्या गावात. "हार्ट अटॅक आहे. कुडाळला न्या, जवळ आहे. तिथे मशीन आहे."

माझ्या कागदावरही तेच होतं. कुडाळ. मी मान हलवली.

"कुडाळाक नको," मावशी म्हणाल्या.

"मावशी, मी कालच पाहिलंय ते हॉस्पिटल."

"इमारत बघितलंस. आज वार खंयचो? गुरवार. कुडाळाक डॉक्टर मंगळवारी आनि शनिवारी, पुठ्ठ्याच्या पाठीर लिवन ठेवलंय. मशीन आसा गो, पण माणूस खंय आसा? मशीन काय आपणहून चलता?"

मी कुडाळला फोन लावला. एका गोड आवाजाने मला सांगितलं की माझा कॉल त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग बासरी वाजत राहिली. कुडाळ पाऊण तास, कणकवली सव्वा तास. माझ्याकडे यादी, चांदण्या आणि फोटो होता. मावशींकडे बिस्किटाच्या खोक्याचा तुकडा. तरुण डॉक्टर गोंधळून दोघींकडे बघत होता. त्यानेच मग कणकवलीला फोन केला आणि मान वर केली. "आहेत सर. निघा."

कसालच्या तिठ्यावर ॲम्ब्युलन्स डावीकडे वळली. उजवीकडे कुडाळची पाटी होती. माझी सगळी यादी त्या बाजूला राहिली. नानांचा हात माझ्या हातात होता, गार, आणि दुसरा मावशींच्या हातात, त्यात जपमाळ. मी देवळात नवस बोलत नाही, त्या दिवशी काय काय कबूल केलं ते सांगत नाही. नानांनी एकदाच डोळे उघडले. "अनू, कुणकेश्वर राहिलं," म्हणाले. मी म्हटलं, नाना, बोलू नका. मला वाटलं, हेच शेवटचं वाक्य असेल तर?

एकला दहा मिनिटं कमी असताना पोचलो. स्ट्रेचर आत जात असताना काउंटरवरच्या मुलीने सवयीने विचारलं, "नंबर?"

"अकरा," मावशी म्हणाल्या.

तिने वही पाहिली. नानांचं पूर्ण नाव, वय पंचाहत्तर, जुनी बायपास, सगळं मंगळवारपासून लिहिलेलं होतं. "अकरा मघाशीच पुकारलेला," ती म्हणाली आणि आतलं दार उघडलं.

दार बंद झालं. आम्ही दोघी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. तिथे माझ्यासारखे खूप होते. देवगडच्या बाजूचे एक शेतकरी आजोबा, मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट, शेजारी डब्यातून पेज घेऊन आलेली त्यांची सून. कुणी विम्याच्या कार्डाबद्दल विचारत होतं, कुणी एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे जात होतं. सगळं नवं होतं, फरशीसुद्धा, आणि सगळे घाबरलेले होते. इतक्या इमारती उभ्या राहिल्या, पण बाकावर बसून बंद दाराकडे बघायचं काम कुणाचं कमी झालेलं नाही.

मी मावशींना विचारलं, "तुम्ही वार का लिहून ठेवता?" खरं तर गप्प बसवत नव्हतं म्हणून विचारलं.

त्या बराच वेळ जपमाळेचे मणी सरकवत राहिल्या. "पावलूच्या छातयेत दुखूक लागला, त्या दिसाक बुधवार होतो," त्या म्हणाल्या. "कणकवलीक पयला मशीन नवीनच इला होता. आमी धावत गेलंव. मोठी इमारत, एसी. डॉक्टर होतो, पण हाडांचो. काळजाचो गुरवारी येतलो, म्हणाले. मगे गोव्याक काढलंव. सीमेच्या अलीकडेच पावलू गेलो." त्यांनी माझा हात थोपटला. "माका कोणी वार सांगूक नाय गो. म्हणान मी लिवन ठेवलंय. येतल्या-जातल्या पाहुण्यांका बरां पडता."

तीन वाजता डॉक्टर बाहेर आले. दोनला जाणारे, थांबले होते. जुन्या बायपासची एक नळी बंद पडली होती, स्टेंट बसवला, वेळेत आणलंत, म्हणाले. मी त्यांच्यासमोर ओक्साबोक्शी रडले. रडता रडता काउंटरवरून हाक आली, "बारा नंबर कोण?" मी डोळे पुसत हात वर केला. मावशींनी सगळ्यांदेखत सांगितलं, "हिचा काळीज बरां आसा. जरा भितरा आसा, इतक्याच."

सहा दिवसांनी नवरा येऊन आम्हाला घेऊन गेला. फोंडा घाटात मी हिशेब केला, ठरल्याप्रमाणे निघालो असतो तर त्या गुरुवारी साडेदहाला आम्ही कुठे असतो. कुणकेश्वरच्या देवळाच्या पायऱ्यांवर, किंवा याच घाटात, रेंज नसलेल्या पट्ट्यात. नानांच्या जिभेच्या हावरेपणाने आणि आमच्या अडाणीपणाने आम्ही एक दिवस थांबलो होतो. हिशेब केला नसता तर बरं झालं असतं. अजूनही दुपारी कधीतरी तो घाट आठवतो आणि मी जिथे असेन तिथे खाली बसते.

तर, जाणाऱ्यांसाठी. फेब्रुवारीची हवा उत्तम. वालावलला सकाळीच जा. सोबत वडीलधारं माणूस असेल तर गोळ्या, जुने रिपोर्ट आणि ईसीजी जवळ ठेवा. हॉस्पिटल किती लांब हे फोनवर दिसतं, पण डॉक्टर कोणत्या वारी असतात ते तिथल्या माणसांना विचारा. लाजू नका, ज्या घरी उतराल तिथे पहिल्या दिवशी विचारा.

नाना आता बरे आहेत. रोज सोसायटीत तीन फेऱ्या मारतात आणि गुरुवारी मुद्दाम मला विचारतात, "आज काळीज ना?" मला अजून त्यावर हसता येत नाही.

एप्रिलमध्ये लुसीमावशींनी आंब्याची पेटी पाठवली. पोचल्याचं सांगायला फोन केला. नानांची चौकशी झाली, पाण्याची टंचाई, पाहुण्यांची गर्दी, सगळं बोलून झालं. मग मी विचारलं, तुमचा तो पुठ्ठा आहे ना जागेवर?

"आसा. पण बदलूचो लागलो," मावशी म्हणाल्या. "कुडाळाक नवीन डॉक्टर इले. काळजाचे."

"अरे वा! कोणत्या वारी?"

पलीकडे जपमाळेचे मणी सरकले, त्या दिवशी पावलूंबद्दल सांगताना सरकले होते तसे.

"बुधवारी," त्या म्हणाल्या.